१९७० च्या फोर्ड एफ-१०० पिकअपवर दारावरची, नंबर असलेली पट्टीच नाही. चासी नंबर कुठे शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हरचं दार आधीच्या कुणा मालकाने बदललेलं आहे, पट्टी त्या दाराबरोबरच गेली आणि आता कागदावरचा नंबर गाडीवर कुठेच जुळवता येत नाही. घाबरू नका. पट्टी गेली तरी नंबर गेलेला नसतो.

तो उजव्या बाजूच्या चासी चॅनेलवर, म्हणजे गाडीखालच्या लांब लोखंडी तुळईवर, वरच्या सपाट पृष्ठभागावर ठोकलेला असतो. अमेरिकन गाडीत स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे उजवी बाजू ही शेजारी बसणाऱ्याची. आपण सवयीने ड्रायव्हरच्या बाजूला वाकतो आणि तासभर भलत्याच चॅनेलवर घासत बसतो, म्हणून हे आधी सांगितलं. बॉनेट उघडा आणि पुढच्या चाकापासून कॅबच्या पुढच्या भिंतीपर्यंतचा पट्टा बघा. हात पोचत नसेल तर चाक काढून मडगार्डच्या आतून जा. आतला पत्रा सोडवायला लागला तर सोडवा, त्यात कंजुषी नको.

पुढचं काम धीराचं आहे. माझ्या १९६९ च्या एफ-१०० वर त्या जागी बोटभर जाडीचा थर होता, ग्रीस आणि धूळ मिळून दगडासारखा झालेला. प्लास्टिकच्या पट्टीने तो खरवडला, मग रॉकेलचा बोळा अर्धा तास ठेवला आणि वरचा रंग पेंट रिमूव्हरने सोडवला. तरी काही दिसेना. शेवटी टॉर्च वरून न मारता चॅनेलला समांतर, अगदी टेकवून धरला, तेव्हा एफची आडवी रेघ सावलीसारखी उठली. त्यावर पांढरा खडू आडवा घासून फडक्याने हलका पुसला, की खड्ड्यात खडू राहतो आणि आकडे वाचता येतात. एक आकडा तीन की आठ ते कळत नव्हतं. त्याच नंबरात दुसरा तीन होता, त्याच्याशी ताडून पाहिलं तेव्हा सुटलं. शिक्के सगळीकडे सारखे खोल उतरलेले नसतात, त्यामुळे एखादं अक्षर अर्धवट दिसणं संशयास्पद नाही.

ग्राइंडर, ड्रिलवरचा तारेचा ब्रश आणि सँडब्लास्टिंग या तिन्हींना त्या जागेपासून लांब ठेवा, हे कळकळीने सांगतो. गंजाने आधीच पातळ झालेल्या पत्र्यावरचा शिक्का मिनिटभरात उडतो आणि मग तो परत आणता येत नाही. चासी पूर्ण साफ करायला देणार असाल तर आधी नंबर शोधा, फोटो काढा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, आणि ती जागा झाकून मगच गाडी द्या.

नंबर मिळाला की तो वाचून बघा, कारण तो बोलतो. समजा एफ१० वाय के जी०१२३४ असा निघाला. एफ१० म्हणजे दोनचाकी ड्राइव्हची एफ-१००. चारचाकी ड्राइव्ह असती तर एफ११ आणि एफ-२५० असती तर एफ२५. वाय म्हणजे ३६० घनइंचाचं व्ही-८ इंजिन, के म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना. उरलेला भाग अनुक्रमांक. १९६७ ते १९७२ च्या या फोर्ड नंबरात वर्षाचा वेगळा आकडा नाही. वर्ष अनुक्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरावरून काढतात. एकूण अकरा अक्षरं-आकडे भरतात, तेवढेच बरोबर आहेत. कुठल्या अर्जात सतराच हवेत असं म्हटलं तर गोंधळू नका, सतरांची पद्धत १९८१ च्या मॉडेलपासून आली.

इंजिनवर नंबर शोधू नका असं मी म्हणणार नाही, पण तिथे एक फसगत नेहमीची आहे. इंजिन ब्लॉकवर उठावाचे, फुगीर आकडे दिसतात. ते ओतकामाचे, त्या भागाचे नंबर असतात आणि हजारो इंजिनांवर तेच असतात. गाडीची ओळख सांगणारा नंबर ठोकलेला, आत गेलेला असतो. बोट फिरवलं की फरक कळतो.

कुणी शेवरले घेऊन हे वाचत असेल तर थोडं वेगळं आहे. १९६७ ते १९७२ च्या सी-१० पिकअपमध्ये पट्टी दारावर नसून ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असते, त्यामुळे दार बदललं तरी ती राहते; चासीवरचा नंबर तिथेही उजव्याच चॅनेलवर. त्याआधीच्या, १९५० च्या आसपासच्या शेवरलेंची खरी डोकेदुखी कागदाची. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत त्या काळी नोंदणी इंजिन नंबरावर व्हायची. सहा सिलिंडरच्या त्या इंजिनावर तो उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या) मागे ठोकलेला असतो. मध्ये इंजिन बदललं असेल तर कागद आणि गाडी जुळणारच नाहीत, आणि त्यात चोरी असतेच असं नाही.

तुमच्या चासीवरचा नंबर कागदाशी जुळला तर प्रश्न मिटला. एखाद्या अक्षराचाच फरक असेल तर बहुतेकदा कारकुनी चूक असते. एस आणि पाच, बी आणि आठ यांची अदलाबदल फार होते. पूर्णच वेगळा निघाला तर मात्र गाडीवर आणखी एक पैसाही खर्च करू नका. विकणाऱ्याला गाठा आणि फोटो, ठसा, खरेदीची पावती घेऊन राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे तपासणी मागा. नंबर वाचताच येत नसेल तरी जायचं तिथेच, कारण अशा गाडीला राज्याकडून नवा ओळख नंबर मिळण्याची सोय असते. स्वतः पंच घेऊन नंबर ठोकणं किंवा दुसऱ्या गाडीची पट्टी आणून लावणं हा पर्याय कुणी सुचवेल, सहज सुचवतात. ऐकू नका. ओळख नंबर खोडणं किंवा बदलणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

चॅनेल साफ केल्यावर फोटो टाका, टॉर्च आडवा धरून. अक्षरं लावायला मी मदत करतो, फक्त शेवटचे चार आकडे झाकून टाका.