मला फक्त झाडच दिसते

प्रश्न : शाळेत कवितांची रसग्रहणे मार्गदर्शकातून पाठ करून मी चांगले गुण मिळवले. आता पन्नाशीत पुन्हा कविता वाचू लागले आहे, पण दर वेळी अर्थासाठी कुणाचा तरी आधार लागतो. बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये कुणाला विरक्त साधू दिसतो, कुणाला मृत्यूची छाया, मला मात्र पाण्यात पाय सोडून बसलेले झाडच दिसते. कविता समजून घ्यायला शिकता येते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नक्की शिकता येते, आणि झाड दिसणे ही त्याची योग्य सुरुवात आहे. ज्याला झाडच दिसले नाही, त्याचा साधू बहुधा ऐकीव असतो.

‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची कविता आहे. ती मोठ्याने म्हणा आणि आपली नजर कुठून कुठे जाते, ते पाहा. झऱ्याच्या दोन्ही तटांवरून ती पैल टेकडीकडच्या चार घरांच्या गावाकडे जाते, शेतमळ्यांत उतरते आणि पांढऱ्या पायवाटेने पुन्हा पाण्यापाशी, पण या वेळी काळ्या डोहापाशी येते. वाटेत हिरवा रंग तीनदा भेटतो, मग काळा येतो, आणि औदुंबराच्या ओळीत एकही रंग उरत नाही. क्रियापदेही अशीच पाहा : झरा वाहतो, पायवाट चालते आणि या सगळ्या हालचालीनंतर औदुंबर तेवढा ‘बसला’ आहे. ही स्थिरता एवढी का जाणवते, याचे उत्तर तुम्हाला आता कवितेतूनच देता येईल.

त्यानंतर इतरांचे अर्थ तपासायला घ्यावेत. साधू पाहणाऱ्याला त्या बसण्याचा भक्कम आधार आहे. मृत्यू पाहणाऱ्याजवळ काळा डोह आहे खरा, पण बालकवींनी त्या काळिम्याला ‘गोड’ म्हटले आहे, त्याचा उलगडा त्याने केलाच पाहिजे. १९१८ साली बालकवी ऐन तारुण्यात रेल्वेच्या अपघातात गेले, हे ठाऊक असल्यामुळे आपण तो अंत नकळत या डोहात पाहतो; कविता लिहिणाऱ्याला मात्र तो ठाऊक नव्हता. आणि केवळ झाड पाहणाऱ्या तुम्हालाही एक प्रश्न आहेच : कवी नुसता ‘औदुंबर’ न म्हणता ‘असला औदुंबर’ का म्हणतो?

परीक्षेतल्या रसग्रहणाने आशयसौंदर्य आणि काव्यसौंदर्य असे वेगवेगळे रकाने भरण्याची सवय लावली आहे. ती मला घातक वाटते, कारण इथे रंगांचा क्रम बाजूला काढला तर सांगण्याजोगा आशय फारसा उरतच नाही. तेव्हा पुढची कविता घ्याल, तेव्हा क्रियापदांखाली रेघा ओढा, कुठे अडखळलात ते शब्द समासात लिहा, आणि समीक्षा वाचायचीच असेल तर ती त्यानंतर वाचा.