परदेशातून परत येऊन नागपूरजवळच्या गावात राहायला जमेल का?

जमतं, पण मे महिन्यात येऊ नका. पारा ४५ च्या वर जातो, पोरं आठवड्यात परतीचं तिकीट मागतात. आम्ही काटोलकडे दिवाळीनंतर आलो. आंबिया बहाराची (म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या फुलांची) संत्री तोडणीला आली होती, पोरं वावरातच रमली. मराठी त्यांना यायची, पण ‘काऊन’ म्हणजे ‘का’ हे कळायला महिना गेला!

कागदांचं आधी बघा. एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं बँक खातं) निवासी करून घ्या. वावर विकत घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव असेल तर सोपं. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) मात्र शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते.

बायकोला जड गेलं ते न विचारता घरात शिरणाऱ्या शेजारणींचं. आता दुपारी तीच कोणाच्या तरी ओसरीवर सापडते.