२७ जानेवारी १८८९ च्या रात्री फ्रान्सचा लोकप्रिय माजी युद्धमंत्री जनरल बुलांजे याने पॅरिसमध्ये सत्ता का घेतली नाही? तो भित्रा होता का?

‘भित्रा’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. एम.ए.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मलाही हेच ऐकवलं होतं. बुलांजेवरचा माझा चाळीस पानी प्रबंध त्यांनी मधूनच उघडला. म्हणाले, "काळ्या घोड्यावरचा देखणा माणूस, शेवटी भित्रा निघाला. यात अभ्यास करण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, "सर, दकाझव्हील." १८८६ मध्ये तिथे खाणकामगारांचा संप चालू होता, सरकारने सैन्य धाडलं होतं. बुलांजे तेव्हा स्वतः युद्धमंत्री. तो संसदेत उभं राहून म्हणाला की कदाचित याच क्षणी आपला शिपाई सूप आणि पावाचा वाटा खाणकामगाराला देत असेल. पॅरिसमधल्या लाँगशाँच्या लष्करी संचलनातला तो काळा घोडा त्यानंतरचा, १४ जुलैचा. उत्तरेकडच्या मजुरांनी १८८८ मध्ये त्याला मतं दिली ती काय घोड्याला? सरांनी पान उलटलं आणि बिस्मार्कवर प्रश्न विचारला. गुण किती पडले ते सांगत नाही, पण तो राग अजून गेलेला नाही.

आता त्या रात्रीचं. पॅरिसच्या पोटनिवडणुकीत त्याला सुमारे २,४५,००० मतं पडली, सरकारी उमेदवाराला १,६२,०००. मादलेन चौकातल्या रेस्टॉरंटमध्ये तो बसलेला, बाहेर गर्दी, आणि जवळची माणसं म्हणत होती, आत्ताच एलिझेवर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर, चला. तो उठला नाही. माझं मत स्पष्ट आहे: जो एकामागून एक पोटनिवडणुका जिंकतोय, त्याला शरद ऋतूतली सार्वत्रिक निवडणूक समोर दिसत असताना बंड करायची गरजच काय? सरकार मात्र खरंच हादरलं होतं. फेब्रुवारीत त्यांनी यादी पद्धत (मोठ्या मतदारसंघात अनेक जागांसाठी उमेदवारांच्या यादीला मत) मोडून छोटे मतदारसंघ आणले, जुलैत एकाच माणसाने अनेक ठिकाणी उभं राहायला बंदी घातली. तुमच्या वर्गात कुणी ‘भित्रा’ म्हणालं, तर हे दोन कायदे पुढे ठेवा आणि विचारा, मग घाबरलं कोण?

१ एप्रिलला अटकेच्या धास्तीने तो ब्रसेल्सला गेला, तिथे मात्र ‘पळाला’ हाच शब्द बरोबर. आणखी एक गोष्ट, जी मी प्रबंधात तळटीपेत ढकलली होती: प्रचाराला राजेशाहीवाल्यांचा पैसा होता, एकट्या डचेस द्युझेसचे ३० लाख फ्रँक. खाणपट्ट्यातल्या मतदाराला त्याने हे कधी सांगितलं नाही. सरांनी त्यावर बोट ठेवलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.