शब्दचर्चा : अक्षर, रेफ आणि ओनामा

प्रश्न : पाचवीतल्या मुलाला ‘स्त्री’ या शब्दात अक्षरे किती आणि वर्ण किती, असे विचारले होते. वर्ण आणि अक्षर एकच नव्हेत का?

बोलताना आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो, व्याकरणात मात्र ते वेगळे आहेत. वर्ण म्हणजे सुटा ध्वनी. अक्षर म्हणजे एका स्वराच्या आधाराने उच्चारला जाणारा ध्वनींचा गट. ‘स्त्री’त स् + त् + र् + ई असे चार वर्ण आहेत, अक्षर एकच. ‘कमळ’मध्ये अक्षरे तीन, पण वर्ण सहा : क् + अ + म् + अ + ळ् + अ. मुले चुकतात ती इथेच. अ व्यंजनात मुरलेला असतो, त्याला काना-मात्रेसारखी खूण नाही, म्हणून तो मोजायचा राहतो. आधी प्रत्येक व्यंजनाचा पाय मोडायला लावा आणि मग त्यापुढे स्वर लिहायला सांगा. ‘कमळ’मधला शेवटचा अ उच्चारात गळतो, तरी वर्ण फोडताना तो धरायचा.

अक्षर म्हणजे ‘न क्षरणारे’, ही व्युत्पत्ती सर्वांना ठाऊक असते. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, तिच्याबरोबर दुसरीही आहे : ‘अश्’, म्हणजे व्यापणे, या धातूपासून. लिहिलेली खूण हा अर्थ नंतरचा. त्याआधी अक्षर हे उच्चाराचे माप होते. वेदांतले छंद त्यानेच मोजतात : गायत्रीची अक्षरे 24, अनुष्टुभाची 32.

प्रश्न : अकार, ककार, मकार म्हणतो, मग ‘र’ला रेफ का म्हणतात? आणि रफार नेमका कुठे द्यायचा?

याचे उत्तर कात्यायनाच्या वार्तिकांत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या त्याच्या टिपणांत आहे. ‘वर्णात्कारः’, म्हणजे वर्णाचे नाव सांगताना त्याला ‘कार’ जोडावा. आणि लगेच अपवाद, ‘रादिफः’, म्हणजे र-ला ‘इफ’ जोडावा. र + इफ = रेफ. मराठीतला रफार या रेफावरूनच आला.

रफार उच्चारात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून गोंधळ होतो. ‘आर्शिवाद’ ही नेहमी दिसणारी चूक. शब्द सावकाश म्हणा : आ-शीर्-वाद. र् ऐकू येतो तो ‘वा’च्या लगेच आधी, म्हणून रफार ‘वा’वर : आशीर्वाद. शी दीर्घ, हेही लक्षात असू द्या.

मराठीची खरी खासियत मात्र पुढे आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचे अनेकवचन. आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘दर्या’ म्हणताना र्-चा जोर आधीच्या ‘द’वर पडतो, ‘दऱ्या’त तो पडत नाही, र् हलकेच पुढच्या य-ला चिकटतो. मूळ शब्दाच्या शेवटी री असेल (दरी, आचारी, शेतकरी) आणि त्याचे रूप चालवताना य आला, तर जवळजवळ नेहमी ऱ्य लिहावा.

संगणकावर र, हलन्त (पाय मोडण्याची खूण), य असे टंकले की यंत्र रफारच देते. ऱ्य हवा असेल तर नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ वापरावा लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की ऱ उमटतो. मग हलन्त आणि य. छापील मजकुरात ‘शेतकर्‍यांना’ऐवजी ‘शेतकर्यांना’ दिसते, ते हीच पायरी चुकल्यामुळे. मुद्रितशोधकांनी याकडे बारकाईने पाहावे, कारण त्याने उच्चार बदलतो आणि ‘आचारी’सारख्या शब्दात अर्थही.

प्रश्न : ‘ओनामा’ म्हणजे आरंभ. हा शब्द ॐकाराशी संबंधित आहे का?

हो. पूर्वी मुलाला धुळाक्षरे गिरवायला देताना पहिली ओळ ‘ॐ नमः सिद्धम्’ असे. जिभेवर तिचे ‘ओनामासीधं’ झाले आणि पुढे ‘ओनामा’ एवढेच उरले. ‘सिद्धम्’ हे वर्णमालेशी फार जुने जोडलेले आहे. कातंत्र या संस्कृतच्या जुन्या व्याकरणाचे पहिलेच सूत्र ‘सिद्धो वर्णसमाम्नायः’ असे आहे. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग लिहितो, की मुले सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ नावाचा पहिला पाठ घेतात आणि तो सहा महिन्यांत संपवतात. भारतीय वळणाच्या ज्या लिपीत जपानमधले बौद्ध अजूनही बीजाक्षरे लिहितात, तिचे नावही सिद्धम्च.

प्रश्न : ‘अल्फाबेट’ आणि ‘बाराखडी’ यांची फोड सांगावी.

अल्फा आणि बीटा ही ग्रीक वर्णमालेतली पहिली दोन नावे. ग्रीकांनी ती फिनिशियनांकडून घेतली. मूळ सेमिटिक भाषांत आलेफ म्हणजे बैल आणि बेत म्हणजे घर. ग्रीकमध्ये त्या नावांना असा अर्थ उरला नाही.

बाराखडी म्हणजे बारा + अक्षरी, संस्कृतात द्वादशाक्षरी. प्राकृतातल्या ‘अक्खर’मधून ‘खडी’ आली; लिहायच्या खडूशी तिचा संबंध नाही. क ते कः ही बारा रूपे. इंग्रजी शब्दांसाठी कॅ आणि कॉ धरले की चौदा होतात, म्हणून आता शाळेत चौदाखडीही शिकवतात.