राउंड दात्यापासून

चि. डॉक्टरीणबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझा एक्सेलचा तक्ता पाहिला. यकृत प्रत्यारोपणाच्या दोन फेलोशिपा आणि रकान्यांची रांग: वर्षाला प्रत्यारोपणं किती, रोबो आहे का, स्टायपेंड, पेपर किती निघतात. खाली लाल अक्षरांत ‘सर, डोकं चालत नाही.’ एमएस झालं, सुपरस्पेशालिटीची नीट-एसएस झाली, सर्जिकल गॅस्ट्रोची तीन वर्षं संपत आली. एवढं करून डोकं चालत नसेल तर दोष तक्त्याचा आहे. त्यात एक रकानाच नाही. वर्षभरात दाते किती तपासले आणि त्यातले किती परत पाठवले?

आपल्याकडे प्रत्यारोपणाची बहुतेक यकृतं जिवंत माणसाकडून येतात. 1994 च्या कायद्यानं मेंदूमृत्यूला मान्यता दिली, मरणोत्तर मिळालेले अवयव वाटून देणाऱ्या झेडटीसीसीची प्रतीक्षा यादीही आहे, पण त्या यादीला पुरेल एवढं मरणोत्तर दान होत नाही. मग नवऱ्यासाठी बायको येते, लेकरासाठी आई. तू ज्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांवर वाढलीस, ती मृत दात्यांच्या देशांत लिहिलेली आहेत. जिवंत दात्याचं प्रकरण त्यांत कुठेतरी मागे असतं. तुझी रोजची सकाळ मात्र त्याच प्रकरणापासून सुरू होणार आहे. धडधाकट बाई स्वतःच्या पायांनी चालत येते आणि तू तिच्या यकृताचा साठ-पासष्ट टक्के भाग काढून घेतेस. तिच्या शरीराला यातून काडीचाही फायदा नाही. उजव्या भागाच्या दानात दात्याच्या मृत्यूचा धोका हजारात एक ते पाच सांगतात. आकडा लहान आहे, मान्य. पण तिला कसलाच आजार नव्हता.

म्हणून राउंड दात्यापासून. हे मी तुला पूर्वीही सांगितलंय आणि तू मान डोलावली होतीस, म्हणून पुन्हा सांगतो. रेसिपियंटच्या, म्हणजे यकृत मिळालेल्या पेशंटच्या खाटेभोवती गर्दी असतेच. डॉप्लर, लॅक्टेट, टॅक्रोलिमस या औषधाची लेव्हल, सगळ्यांचे डोळे तिकडे. दात्याच्या चार्टवर कुणीतरी ‘स्टेबल’ लिहून पुढे गेलेला असतो. तिची नाडी शंभरच्या वर का आहे? पोटातल्या ड्रेनच्या नळीतून येणाऱ्या पाण्याचा रंग बदललाय का, पित्त येतंय का? रक्तातलं फॉस्फेट किती उतरलं? हे विचारायला मोठा सर्जन लागत नाही, आधी तिच्याकडे जाणारा लागतो.

1998 साली दिल्लीत भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं. बाळ कांचीपुरमचं, पित्तनलिकाच नीट न घडलेलं. ते बाळ पुढे डॉक्टर झालं, हे तुम्ही सगळे सांगता. यकृत दिलं बापानं. त्याचं पुढे काय झालं, हे तुमच्या बॅचमधल्या एकानं तरी मला विचारलंय का?

आता ओटीच्या आधीचं. सत्तर किलोच्या पेशंटला वजनाच्या 0.8 टक्क्याच्या हिशेबानं 560 ग्रॅम यकृत हवं आणि दात्याकडे स्वतःच्या यकृताचं निदान तीस टक्के उरायला हवं. सीटीवर 29 येतं. बाहेर नातेवाईक रडताहेत, पेशंटचा मेल्ड, म्हणजे यकृत किती बिघडलंय त्याचा आकडा, तिशीच्या पुढे गेलाय, दुसरा दाता नाही. त्या वेळी ‘29 म्हणजे 30 च की’ म्हणणारा कुणी ना कुणी खोलीत असतोच. 29 म्हणजे 29. फॅटी लिव्हर असेल तर तेवढ्यावरही विसंबू नकोस.

आणि दात्याशी एकटीशी बोल. सासरे, दीर, नवऱ्याचा मित्र, सगळे बाहेर. दानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे ‘माझ्या इच्छेनं’ म्हणायला तिला घरून शिकवून पाठवलेलं असतं. तुझ्यासमोर ती गप्प बसली तर घाई करू नकोस. तिला द्यायचं नसेल तर घरच्यांना एवढंच सांगायचं, ‘तपासण्यांत बसत नाही.’ कारण विचारलं तरी तेवढंच. याला खोटेपणा म्हणणारे मला भेटलेत. त्यांनी त्या बाईबरोबर घरी जाऊन राहून दाखवावं.

मी जिथे होतो तिथे याच वागण्यामुळे माझा आकडा कायम कमी राहिला. मीटिंगमध्ये तक्ता पडद्यावर यायचा आणि माझा खांब सगळ्यांत बुटका. माझ्या हाताखाली शिकलेले दुसरीकडे जाऊन माझ्या दुप्पट केसेस करू लागले. ‘सर घाबरतात’ हेही कानावर आलं. खुपलं, अजूनही खुपतं. कुणी काही म्हणो, 29 वाल्या एकाही दात्याला मी टेबलवर घेतलं नाही. रोबोवर दात्याचं ऑपरेशन शिकायचं मात्र राहून गेलं, याची हळहळ आहे. छेद लहान, दुखणं कमी. त्याचा फायदा दात्यालाच होतो. तेव्हा तो रकाना खोडू नकोस. मी रोबोला नावं ठेवतो असं तुम्ही मागे बोलता, ते खरं नाही.

हाताला काम मिळेल का, ही तुझी भीती रास्त आहे. मोठ्या सेंटरला पहिलं वर्ष रिट्रॅक्टर धरण्यात जाईल. जाऊ दे. यकृताच्या शिरा रोज बघून बघून डोळ्यांत बसतात. पण त्या वर्षात दात्यांच्या ओपीडीत बसू देणार नसतील, तर तिथे जाऊ नकोस.

सोमवारी दोन्हीकडे फोन कर. परत पाठवलेल्या दात्यांचा आकडा विचार. जिथे तो लगेच सांगतील त्यांना दुसरा प्रश्न विचार: दान केलेल्या बाईला वर्षानं तपासायला कोण बोलावतं? मग मला कळव. तक्ता पाठवू नकोस, फोन कर.

तुझा,
सर