जीपच्या मडगार्डचा साचा: आधी प्लग, मग फायबर

जुन्या जीपसाठी रुंद मडगार्ड कॉम्प्युटरवर काढलंय, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीव यंत्रावर) थेट साचाच कोरून घेऊ का आणि पावसाच्या आत काम उरकेल का, असं तुम्ही कुडाळहून विचारलंय. एक-दोनच नग हवे असतील तर थेट कोरलेला साचा चालेल. पण पुढेमागे आणखी काढणार असाल तर आधी हुबेहूब मडगार्डसारखा नमुना, म्हणजे प्लग, कापून घ्या आणि त्यावर फायबरचा साचा टाका. प्लग गाडीला लावून बघता येतो आणि बाहेरून घासायला हात नीट पोचतो. साच्याच्या पोटात हात पोचत नाही.

फाइल कापायला देण्याआधी उभ्या बाजूंना निदान तीन अंशांचा उतार द्या. चाकाकडची कड आत वळलेली असेल तर एकसंध साच्यातून नग सुटणारच नाही. अशा वेळी साचा दोन तुकड्यांत करा, आणि जोड कुठे येईल, बोल्ट मारायची पट्टी किती रुंद, हे कॉम्प्युटरवरच ठरवा. जुन्या जीपची डावी-उजवी बाजू सहसा जुळत नाही, म्हणून दोन्ही मोजा.

प्लगसाठी थर्माकोल स्वस्त, पण पॉलिएस्टर रेझिनमधलं (फायबर ज्यात भिजवतात त्या, नंतर कडक होणाऱ्या द्रवातलं) स्टायरीन त्याला विरघळवतं. वर आधी इपॉक्सी या वेगळ्या रेझिनचा थर हवाच. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) आपल्या दमट हवेत कडांना फुगतो. परवडत असेल तर जड पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्या.

खरा वेळ पृष्ठभागावर घालवा. प्रायमरवर काळ्या स्प्रेचा विरळ हात मारा आणि लांब ठोकळ्याला पाणी पेपर लावून घासा. जिथे काळं उरतं तिथे खड्डा आहे. तिथे पुट्टी भरा, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासा. शेवटी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब प्लगवरून सरकवत न्या. रेघ कुठे मोडली तर काम बाकी आहे. प्लगवरचा प्रत्येक ओरखडा साच्यात आणि तिथून प्रत्येक नगावर उतरतो.

मग वॅक्सचे चार-पाच हात, वर पीव्हीए, म्हणजे साचा प्लगला चिकटू नये म्हणून लावायचा पातळ थर. हा पीव्हीए पूर्ण सुकला नाही किंवा त्यावरचा जेलकोट (साच्याचा गुळगुळीत दर्शनी रेझिन-थर) पातळ बसला, तर जेलकोट सुरकुततो. जेलकोट अर्धा ते पाऊण मिलिमीटर ठेवा. त्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या मॅटचा (काचतंतूंच्या चटईचा) एकच थर, रोलरने हवा काढून रात्रभर सोडा. पुढे ४५० ची मॅट, दिवसाला दोनच थर. घाईने सगळं एकदम चढवलं की रेझिन तापतं, आकसतं आणि साचा वाकडा होतो. नग तीन मिलिमीटरचा असेल तर साचा नऊ-दहाचा हवा. पाठीच्या पट्ट्या साचा पूर्ण कडक झाल्यावरच चिकटवा, नाहीतर त्यांचे वळ समोर उमटतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) आणि कोबाल्ट (ते काम जलद करणारं) एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर नंतर. डोळ्यांना गॉगल आणि रसायनांच्या वाफा अडवणारा मास्क लावाच.

रेझिन-मॅट आणि त्याहून मोलाचा सल्ला हवा असेल तर मालवण किंवा रत्नागिरीकडे फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांना गाठा. या हवेत हार्डनर किती घालायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं.

आणि पावसाच्या आत साचा उरकायचा हट्ट धरू नका. आता प्लग प्रायमरपर्यंत आणा, कोरड्या खोलीत झाकून ठेवा आणि फायबरचं काम दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सुरू करा.