फेनेलचा गड्डा: कच्चा की शिजवून?

तुम्ही विचारलंय की दुकानात फेनेल नावाचा पांढरा गड्डा दिसला, त्याला बडीशेपेचा वास येतो, तर तो खातात कसा आणि पौष्टिक असतो का.

मी इटलीत बोलोन्याला राहते. इथे त्याला फिनोक्कियो म्हणतात आणि थंडीत तो घरोघरी असतो. ही बडीशेपच आहे हो! जेवणानंतर आपण बी चघळतो ती याच वनस्पतीची. या प्रकारात पानांचे देठ बुडाशी फुगून एकमेकांवर चढतात, म्हणून गड्डा होतो. कांद्यासारखा दिसला तरी तो जमिनीच्या वर वाढतो. पाला अगदी शेपूसारखा, पण शेपू वेगळी.

पहिल्यांदा कच्चाच खा, एवढं माझं ऐका. पातळ चकत्या, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, काळे ऑलिव्ह, मीठ, मिरपूड, ऑलिव्ह तेल. ही सिसिलीची कोशिंबीर मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा बडीशेप एवढी रसाळ असू शकते यावर विश्वासच बसेना. इथले भाजीवाले गोल गड्ड्याला नर आणि लांबट चपट्याला मादी म्हणतात. वनस्पतीशास्त्रात तसं काही नाही, पण निवडायला सोपं पडतं: गोल कुरकुरीत, कच्चा खायला, लांबट शिजवायला.

शिजवला की वेगळीच भाजी होते. वास मवाळ होतो, गोडी वर येते. मोठ्या फोडी तेलात मंद आचेवर कडा तांबूस होईपर्यंत परतायच्या, मग थोडं पाणी घालून झाकण. बुडखा पूर्ण कापू नका, नाहीतर पाकळ्या सुटतात. मी कधी मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरचीची फोडणी करून वर ओलं खोबरं घालते. छान लागते. गरम मसाला मात्र नको, याचा स्वतःचा वासच मरतो.

पौष्टिक म्हणाल तर 100 ग्रॅम कच्च्या फेनेलमध्ये जेमतेम 30 कॅलरी, साधारण 3 ग्रॅम तंतू, 400 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि 12 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. शिजवताना क जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून आमच्याकडे निम्मा गड्डा कच्चा संपतो.

घेताना घट्ट, पांढराशुभ्र आणि हिरवागार पाला असलेला घ्या. पाला टाकू नका, बारीक चिरून वरणावर घाला. वरचे चिवट देठ मी सूपच्या पाण्यात उकळून काढून टाकते.